पोकरसाठी स्मरणशक्ती तयार करताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडे पोकर शिकायला बसणारा माणूस बहुधा मेंढीकोट, पाच-तीन-दोन आणि रमी खेळून आलेला असतो. चारपैकी किती दश्श्या पडल्या, हुकमाची किती पानं शिल्लक आहेत, उजवीकडच्याकडे किलवर कधी संपलं, हे सगळं त्याच्या डोक्यात आपोआप साठत जातं. सवय उत्तम आहे. पण टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात ती जशीच्या तशी चालत नाही, कारण इथे लक्षात ठेवायची गोष्टच वेगळी असते.

गेलेली पानं आठवत बसणे

मेंढीकोटात सगळी ५२ पानं वाटली जातात आणि प्रत्येक पान कधी ना कधी उघडं पडतं. म्हणून गेलेलं पान आठवलं की राहिलेलं कळतं. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). हातातली पानं वाटल्यावर एकदा आणि पुढे प्रत्येक टप्प्याला बेट लागते. फोल्ड केलेली, म्हणजे डाव सोडताना टाकलेली, पानं पालथीच जातात आणि पुढच्या डावाआधी पूर्ण कॅट पुन्हा पिसला जातो. मागच्या डावात कोणता एक्का पडला याचा या डावाशी काहीही संबंध नाही. ‘तासभर एक्क्यांची जोडी आली नाही, आता येणारच’ हा हिशेबही खोटा. ती येण्याची शक्यता प्रत्येक डावाला २२१ मध्ये एकदा, ना कमी ना जास्त. सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात मात्र फोल्ड होणाऱ्यांची उघडी पानं सगळ्यांनी पाहिलेली असतात. तिथे मेंढीकोटाची सवय थेट उपयोगी पडते.

याच गैरसमजातून काही जण पिसलेला कॅट ओळीने पाठ करण्याचा सराव धरतात: घरातल्या एकेका जागेवर एकेक पान मनात ठेवायचं आणि ५२ पानं म्हणून दाखवायची. ही पद्धत खरी आहे आणि तिच्यावर स्पर्धाही होतात. पण तिने पोकर सुधारत नाही. सांगलीसारख्या बुद्धिबळाच्या गावात याचं कारण पटकन पटेल. १९७३ साली चेस आणि सायमन या संशोधकांनी खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवला आणि मोहरी पुन्हा मांडायला सांगितली. खऱ्या डावातली स्थिती असली की निष्णात खेळाडू नवख्यांच्या फार पुढे असत. मोहरी कशीही विखुरलेली असली की तो फरक जवळजवळ संपायचा. म्हणजे त्यांच्याकडे सर्वसाधारण मोठी स्मरणशक्ती नव्हती, ओळखीच्या रचनांचा साठा होता. पोकरमध्ये तुम्हाला तोच साठा करायचा आहे, आणि त्यातली रचना म्हणजे बेटिंगचा क्रम: कोणी केव्हा किती चिप्स लावल्या.

बेटिंगचा क्रम विसरणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रिव्हरवर समोरच्याने मोठी बेट लावली की नवखा खेळाडू फक्त त्या आकड्याकडे बघतो. आधीच्या तीन टप्प्यांत काय झालं हे तोवर पुसलेलं असतं.

एक डाव घेऊ. ब्लाइंड (दोघांनी आधीच भरायच्या सक्तीच्या बेट) ५ आणि १० चिप्स, तुम्ही बिग ब्लाइंडवर, म्हणजे १० भरणारे, हातात इस्पिकचे राजा-राणी. एकाने ३० ला रेझ केली, म्हणजे बेट वाढवली; बटणवरच्याने, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरच्याने, कॉल केली, म्हणजे तेवढेच भरले; तुम्हीही केली. पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, ९५. फ्लॉप आला बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. तुम्ही चेक (बेट न लावता पुढे), रेझ करणाऱ्याने ५० लावले, बटण फोल्ड, तुमचा कॉल. पॉट १९५. टर्नला इस्पिक चव्वी आली आणि दोघांनीही चेक केलं. रिव्हरला चौकट नव्वी. तुम्ही चेक केलं आणि त्याने १८० लावले.

नुसते १८० दिसले तर माणूस घाबरतो. टर्नचा चेक आठवला तर चित्र बदलतं. फ्लॉपवर दोन बदाम पडलेले असताना तीन सत्त्या जमलेला माणूस टर्नला सहसा गप्प बसत नाही, बदाम शोधणाऱ्यांकडून चिप्स वसूल करतो. तेव्हा ही बेट पाच बदाम जमवायला गेलेल्या आणि हुकलेल्या माणसाची असू शकते. एक्का-राजाचं काय? ती जोडी एरवी १६ प्रकारे बनते. एक राजा तुमच्याकडे आणि एक मध्ये असल्यामुळे आता फक्त ८ प्रकार उरले. ३७५ जिंकण्यासाठी १८० भरायचे, म्हणजे शंभरात साधारण ३२ वेळा तुम्ही पुढे असलात तरी कॉल परवडतो. हा खेळाडू मोठ्या बेटला क्वचितच फसवतो असं आधीच्या डावांत दिसलं असेल, तर मात्र फोल्डच बरं.

उपाय सोपा आहे, पण नेटाने करावा लागतो. प्रत्येक टप्पा संपताच मनात एक छोटं वाक्य म्हणा: ‘एकाने तीस, बटण आणि मी.’ ‘राजा-सत्ती-दुर्री, दोन बदाम, पन्नास, मी कॉल.’ ‘चव्वी, दोघे चेक.’ माणूस एका वेळी चार-पाचच वेगळ्या गोष्टी डोक्यात धरू शकतो. सुटे आकडे सांडतात, वाक्य टिकतं. पॉटचा आकडाही प्रत्येक टप्प्याला नव्याने म्हणा. शेवटी मोजायला बसलात तर हमखास चुकतो.

स्वतःची पानं पुन्हा पुन्हा उचलून बघणे

फ्लॉपवर तीन बदाम पडले आणि तुम्ही पानं उचलून पाहिलीत, की टेबलाला कळतं: याच्याकडे दोन बदाम नाहीत, एखादा आहे का ते तपासतोय. कारण दोन्ही पानं एकाच चिन्हाची असतील तर ते सहसा लक्षात राहतं. पानं एकदाच बघा, मोठं पान आधी आणि चिन्हासकट मनात म्हणा: ‘इस्पिक राजा, चौकट नव्वी.’

टक्क्यांचं पूर्ण कोष्टक पाठ करणे

सुरुवातीच्या दोन पानांचे १,३२६ प्रकार होतात, सारखे एकत्र धरले तर १६९. सगळ्यांचे टक्के घोकून काही साधत नाही. एवढेच आकडे पक्के करा: फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पानं) एक पान कमी असेल तर ९ आउट्स, म्हणजे उपयोगी पडणारी उरलेली पानं; दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला (ओळीने पाच पानं) ८, मधलं पान हवं असेल तर ४. हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान साधारण साडेआठात एकदा मिळतं. फ्लॉपनंतर दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर आउट्सला ४ ने गुणा, एकच पान बघणार असाल तर २ ने; हवं ते पान मिळण्याचे साधारण टक्के निघतात.

चुका इथेच होतात. टर्नला पुन्हा बेट येणार हे दिसत असताना लोक ४ ने गुणतात. तो गुणाकार मुख्यतः सगळ्या चिप्स आत गेल्यावरचा. आउट्स जास्त असले की तो फुगतोही: १५ आउट्सला ६० टक्के निघतात, खरे साधारण ५४. शिवाय मधल्या उघड्या पानांत जोडी असेल तर तुमचा फ्लश फुलहाउसपुढे (तीन सारखी पानं आणि एक जोडी) हरू शकतो, हे विसरून नऊच्या नऊ आउट्स धरल्या जातात.

समोरच्याचा एकच गाजलेला डाव लक्षात ठेवणे

रंगलेला ब्लफ महिनाभर आठवतो, साधे वीस फोल्ड आठवत नाहीत. मग त्या माणसावर कायमचा शिक्का बसतो. प्रत्येक खेळाडूबद्दल तीनच गोष्टी टिपा: किती डावांत आत येतो, पानं उघडली तेव्हा काय निघालं, आणि तेव्हा बेट पॉटच्या मानाने केवढी होती. पानं उघडलेल्या डावांनाच वजन द्या. बाकीच्यांत त्याच्याकडे काय होतं हे आपण मनाने भरतो आणि नंतर तेच खरं वाटू लागतं. नोंद डाव संपल्यावर लगेच करा. घरी जाऊन लिहिलेल्या नोंदीत निकालाप्रमाणे क्रम बदललेला सापडतो.

जागरणात सराव करणे

गौरी-गणपतीच्या जागरणाला रात्रभर पत्ते रंगतात, त्याची मजा न्यारी. पण शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि झोप मोडली की बेटिंगचा क्रमही निसटतो. शिकण्यासाठी बसाल तेव्हा दोन तास पुरेत. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि सरावाला पैशांची गरजही नाही. चौघे-पाच जण आणि नुसत्या चिप्स असल्या की झालं.

खेळ संपल्यावर तीन डाव कागदावर पहिल्यापासून लिहा: जागा, बेट, पॉट, पानं. दुसऱ्या दिवशी कागद न बघता पुन्हा लिहा आणि मग ताडून बघा. नंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी हेच करा. नुसतं वाचून ‘हे येतंय’ असं वाटतं, लिहायला घेतलं की भोक दिसतं. बहुतेकांचं भोक टर्नला असतं. तुमचंही तिथेच निघालं तर आठवडाभर बाकी सगळं सोडून फक्त टर्नचं वाक्य म्हणायचा सराव करा.