गोल झाला तेव्हा त्यांना फक्त पाठी दिसल्या

स्टेडियममध्ये अपंग प्रेक्षकांची सोय पाहणं हे माझं काम. या कामातला माझा पहिला सामना फुटबॉलचा होता. खालच्या स्टँडमधल्या व्हीलचेअरच्या ओट्यावर माझी नेमणूक होती. साठीच्या पुढचे एक काका आणि त्यांचा भाचा आले. मी त्यांना गेटवर गाठलं, रॅम्पवरून नेलं, जागा दाखवली, पाण्याची बाटली हातात ठेवली. आपण फार छान काम करतोय असं मनातून वाटत होतं. उत्तरार्धात यजमान संघाने चढाई केली, समोरच्या तिन्ही रांगा एकदम उठल्या आणि स्टेडियम दणाणलं. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोणी मारला गं?"

मलाही माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडेच बघत होते. आणि त्यांच्यापुढे होत्या फक्त जर्सी घातलेल्या पाठी.

गेट, रॅम्प, पाणी, हसतमुख स्वागत, सगळं जमलं होतं. ते ज्यासाठी आले होते तेवढं सोडून. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगते, कारण त्या दिवशीची चूक सामन्याच्या दिवशी झालेलीच नव्हती. ती जागा विकली तेव्हाच झाली होती. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरच्या आसपास असतात. पुढच्या रांगेतला माणूस उठला की त्याचं डोकं त्याहून बरंच वर जातं. म्हणून ओटा इतका उंच हवा, की उभ्या माणसाच्या डोक्यावरूनही मैदान दिसावं. अमेरिकेच्या नियमांत हे स्पष्ट आहे: जिथे प्रेक्षक उभे राहणं अपेक्षित आहे, तिथे व्हीलचेअरच्या जागेवरून उभ्या प्रेक्षकांपलीकडचं दिसलं पाहिजे. जुन्या बांधकामात ओटा उचलता येत नाही. मग पुढच्या रांगा विकायच्या नाहीत, किंवा निदान तिकीट विकतानाच "इथून लोक उठले की दिसत नाही" असं सांगायचं. दुसरा उपाय कमीपणाचा आहे, पण गप्प राहण्यापेक्षा बरा.

रिकाम्या स्टेडियममध्ये जागा तपासू नका. रिकाम्या स्टेडियममधून सगळं छान दिसतं. भरलेल्या सामन्याला व्हीलचेअर घ्या, त्या जागी जाऊन दहा मिनिटं बसा, आणि गर्दी उठेल तेव्हा काय दिसतं ते लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा नोंदींची पानंच्या पानं आहेत.

आता तिकिटाकडे येऊ, कारण आमचं निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आम्ही दिवसभर व्हीलचेअर ढकलत असतो. खरं तर आठवडाभर मी ईमेल, फोन आणि आसनांच्या नकाशासमोर असते.

बऱ्याच ठिकाणी सर्वसाधारण तिकिटं एका क्लिकवर मिळतात आणि व्हीलचेअरच्या जागेसाठी मात्र फोन करावा लागतो. फोनवर संगीत वाजत राहतं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकू येतं, आणि तोवर विक्री संपते. कानाने ऐकू न येणाऱ्या माणसाने तर काय करायचं, हा प्रश्न ही व्यवस्था लावणाऱ्याला पडलेलाच नसतो. अमेरिकेत २०११ पासून लागू झालेले तिकिटांचे नियम मला यासाठी आवडतात. भाषा कायद्याची आहे, पण लिहिणाऱ्याने कधीतरी त्या रांगेत ताटकळून पाहिलं असावं असं वाटतं. व्हीलचेअरची जागा त्याच वेळी, त्याच टप्प्यात, त्याच मार्गांनी विकायची. त्याच भागातल्या इतर आसनांपेक्षा जास्त दर लावायचा नाही. एका व्हीलचेअरच्या जागेबरोबर त्याच रांगेत लागून आणखी तीन आसनांपर्यंत, उपलब्ध असतील तर, विकत घेऊ द्यायची. अपंगत्वाचा पुरावा मागायचा नाही. आणि न विकलेल्या या जागा, बाकीची सगळी तिकिटं किंवा त्या विभागातली, त्या दरातली तिकिटं संपल्याशिवाय इतरांना द्यायच्या नाहीत.

यातलं तीन आसनांचं कलम पटकन लक्षात येत नाही, पण तेच सगळ्यात जास्त दुखणारं आहे. 'एक व्हीलचेअर, एक सोबती' असा हिशेब पुष्कळ ठिकाणी चालतो. म्हणजे दोन मुलं असलेल्या बाईने काय करायचं? नवरा सोबती म्हणून शेजारी, आणि मुलं दुसऱ्या स्टँडमध्ये एकटी? माझ्यासमोर एका कुटुंबाने यावर तोडगा काढला होता: दर पंधरा मिनिटांनी नवरा आणि सासूबाई जागा बदलत होत्या. मॅच पाहायला आले होते की पाळी बदलायला, तेच कळेना.

पुराव्याबाबत जगभर एकच पद्धत नाही. सोबत्याला मोफत तिकीट देणारे क्लब बहुधा काहीतरी कागद मागतात, आणि गैरवापर होतो हेही खरं. माझं मत असं, की मागायचाच असेल तर एकदा मागा, नोंदवून ठेवा, दर सामन्याला नको. पाय काही पुढच्या शनिवारपर्यंत उगवत नाही. (हे वाक्य माझं नाही, फोनवर एका चाहत्याने मला सुनावलेलं आहे.)

अर्जात काय विचारायचं हेही शिकावं लागतं. "आपणास कोणते अपंगत्व आहे?" या प्रश्नाचा मला काडीचा उपयोग नाही. मला हवं असतं ते असं: व्हीलचेअरवरच बसून राहणार की शेजारच्या खुर्चीवर सरकणार? खुर्ची बॅटरीवर चालते का, किती रुंद आहे? पायऱ्या चढता येत असतील तर किती? मोठा आवाज, झगमगते दिवे चालतील का? सोबत सहायक श्वान आहे का? या उत्तरांवरून जागा ठरते, आजाराच्या नावावरून नाही.

आणि तिकीट पाठवताना एक बारीक गोष्ट. दोघांचे कोड एकाच फोनवर जातात, बहुधा सोबत्याच्या. सोबती गाडी लावायला जातो. गेटवर व्हीलचेअरवरचा माणूस बिनतिकिटाचा उभा, मागे दोनशे लोक. आम्ही आता प्रत्येकाचा कोड ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवतो. या एका बदलाने गेटवरची माझी निम्मी भांडणं मिटली.

व्हीलचेअर, व्हीलचेअर म्हणतेय खरी, पण आमच्याकडे मदत मागणाऱ्यांत व्हीलचेअर वापरणारे थोडे असतात. भारताच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, ते एकदा वाचून काढा म्हणजे डोळे उघडतील. अमेरिकी मानकांनुसार ५,००० पेक्षा मोठ्या प्रेक्षागृहात ३६ आणि वरच्या प्रत्येक २०० आसनांमागे एक अशा व्हीलचेअरच्या जागा लागतात; म्हणजे ५०,००० च्या स्टेडियमला २६१. पण गुडघे गेलेले, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, पोटाला पिशवी लावलेले, त्यांना हवी असते रांगेच्या कडेची, कमी पायऱ्यांची, स्वच्छतागृहाजवळची साधी खुर्ची. ती नकाशावर वेगळ्या रंगाने नसतेच. म्हणून आम्ही अशा खुर्च्या स्वतः मोजून विक्रीतून बाजूला काढल्या. त्यासाठी तिकीट विभागाशी घातलेला वाद इथे लिहीत बसत नाही.

न दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल एकच सांगते. "तुम्ही तर धडधाकट दिसता" हे वाक्य आमच्या मार्शलच्या, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्याच्या, तोंडून गेलं तर ब्रीफिंगमध्ये मी त्याला उभं करते. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सुरू झालेली सूर्यफुलाची हिरवी फीत आता पुष्कळ ठिकाणी ओळखली जाते. ती गळ्यात दिसली तर 'यांना थोडा वेळ, थोडा संयम लागेल' एवढंच समजायचं. काय झालंय ते विचारायचं नाही. आणि फीत नसली तरी संयमाला पैसे पडत नाहीत.

दृष्टिहीन चाहते सामन्याला का येतात, असं मला पहिल्या वर्षी एकाने विचारलं होतं. मी म्हटलं, तुम्ही का येता? घरी टीव्हीवर जास्त स्पष्ट दिसतं की! त्यांच्यासाठी वर्णनात्मक समालोचन असतं. ते रेडिओच्या समालोचनापेक्षा वेगळं. रेडिओवाला चेंडू मध्यभागी रेंगाळला की जुने किस्से काढतो. इथे चेंडू नेमका कुठे आहे, कोण कुठून धावतोय, प्रशिक्षकाने हात कसे झाडले, पडद्यावर काय दिसतंय, हे सांगत राहावं लागतं. पोलंड आणि युक्रेनमधल्या २०१२ च्या युरो स्पर्धेत आणि ब्राझीलमधल्या २०१४ च्या विश्वचषकात ही सोय होती. नव्यांना ठेच लागते ती वेगळीच. "अॅपवर देऊ या ना, यंत्रं कशाला वाटायची?" आम्हीही दिलं. इंटरनेटवरून आवाज यायला वेळ लागतो. स्टेडियम ओरडून शांत झालं, त्यानंतर यांच्या कानात शॉट मारला गेला. शेजारी बसलेल्या मुलीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पुढच्या सामन्याला आम्ही पुन्हा कमी पल्ल्याच्या रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रं काढली, आणि सकाळी प्रत्येकाची बॅटरी तपासणं माझ्या यादीत कायमचं चढलं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी बातम्यांत येतात त्या चमकदार गोष्टी. २०२४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबच्या सामन्यात गर्दीच्या आवाजावर थरथरणारे शर्ट दिले होते. मला ते मनापासून आवडलं. पण तुमच्याकडे मोठ्या पडद्यावर आणीबाणीची सूचना अक्षरांत येते का, हे आधी बघा. फक्त भोंग्यावरून "बाहेर पडा" सांगितलं, तर काहीजण जागेवरच बसून राहतील.

सामन्याच्या सकाळची माझी फेरी तासाभराची असते. त्यातली सुलभ स्वच्छतागृहाची तपासणी कुणालाही देऊ नका, स्वतः करा. दार उघडलं की आत खोकी. मोकळी जागा दिसली की कोणाला तरी ती कोठी वाटतेच. मग बघायची मदतीची घंटा वाजवणारी लाल दोरी. पडलेल्या माणसाला जमिनीवरून ओढता यावी म्हणून ती फरशीपर्यंत लोंबती असते. झाडताना मध्ये येते म्हणून सफाईवाले तिची गुंडाळी करून वर खोचतात. दर वेळी मी सोडते, दर वेळी ती वर गेलेली असते. शेवटी दोरीला एक चिठ्ठी बांधली: 'ही इथेच हवी, फरशीवर पडलेल्या माणसासाठी.' तेव्हापासून ती खाली आहे.

माणसांशी वागण्याचे नियम थोडे आहेत, पण पक्के. विचारल्याशिवाय व्हीलचेअरला हात लावायचा नाही. सोबत्याला "यांना काय हवंय?" असं विचारायचं नाही, बोलायचं ते ज्याचं तिकीट आहे त्याच्याशी. दृष्टिहीन माणसाला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. शब्दांबद्दलही विचारतात: अपंग म्हणायचं की दिव्यांग? मी समोरचा स्वतःला जे म्हणतो ते म्हणते, आणि शक्यतो नावाने हाक मारते.

परतीचा प्रवास मात्र मी पहिल्या वर्षी पूर्ण विसरले होते. सामना जादा वेळेत गेला. वरच्या मजल्यावरचे चौघे गर्दी ओसरण्याची वाट पाहत थांबले, आम्हीच तसं सांगितलं होतं. गर्दी ओसरली तेव्हा लिफ्ट बंद. लिफ्ट चालवणाऱ्याची पाळी संपली होती आणि किल्ली त्याच्या खिशात होती. वॉकी-टॉकीवर मी अर्धा तास त्या किल्लीच्या मागे होते. चौघांपैकी एकाची शेवटची गाडी चुकली. आता पाळीपत्रकात लिफ्टवाल्याची सुटीची वेळ लिहिलेलीच नसते. 'शेवटचा प्रेक्षक उतरल्यावर' असं लिहिलेलं असतं. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही, तेव्हा वर अडकलेल्यांनी कुठे थांबायचं, त्यांना उतरवणारी खुर्ची कुठे आहे आणि ती चालवायला कोण शिकलंय, हेही पहिल्याच आठवड्यात पाठ करा. ती खुर्ची रिकामी असताना जिन्यावरून एकदा खाली आणून बघा. मग कोणाला तरी बसवून आणा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या क्षेत्रात यायचं कसं? मार्शल किंवा स्वयंसेवक म्हणून एक हंगाम काढा, मग तिकीट खिडकीवर बसा. सांकेतिक भाषेतली निदान पन्नास-साठ वाक्यं शिका. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं ३०वं कलम वाचा. क्रीडास्थळी प्रवेश हा तिथे हक्क म्हणून लिहिलाय, आणि वरिष्ठांशी वाद घालताना तो उपयोगी पडतो. पण कागदावरच्या वचनांवर फार विसंबू नका. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१५ मध्ये शब्द दिला होता, की ऑगस्ट २०१७ पर्यंत आपापली स्टेडियमं सुलभतेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे करू. तारीख उलटली तरी काही क्लब मागेच होते, आणि तिथे पैशाची चणचण होती असं कुणी म्हणणार नाही. तुम्ही स्वतः अपंग असाल तर हे काम जरूर करा. आमच्या चमूतल्या सगळ्यात तिखट नोंदी व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्याच्या असतात. शनिवार-रविवार मोकळे मिळणार नाहीत. सामना तर दिसणारच नाही.

परवाच्या सामन्यानंतर त्या सहकाऱ्याने वहीत लिहिलेली ओळ अशी: 'पूर्व स्टँड, ओटा ३, जागा ४. कठड्याची वरची नळी नेमकी डोळ्यांसमोर येते. जवळचा गोलपोस्ट अर्धाच दिसतो. पेनल्टी ऐकली.'