सोलरमध्ये यायचंय? आधी दुरुस्तीला जा

आयटीआय केलेली वायरमन-इलेक्ट्रिशियन पोरं विचारतात, सोलरमध्ये शिरायचं तर कुठून? माझं सांगणं एकच : पहिलं वर्ष दुरुस्तीवाल्याबरोबर काढा. पॅनल बसवणं लवकर जमतं. पण दोन पावसाळ्यांनंतर त्याच छपरावर पुन्हा चढलात की कळतं, कोकणात काय टिकतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान जाहीर झालं आणि कामं वाढली. स्लॅबचं घर असेल तर सोपं : पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल रत्नागिरीकडे सतराएक अंश. कौलारू घरात मात्र कस लागतो. कौलं पाय पडला तरी फुटतात, उरलेली वानरं फोडतात. मग खळ्यात सांगाडा उभारायचा, तर मालक माड तोडू देत नाही. (बरोबरच आहे त्याचं.) एका झावळीची सावलीसुद्धा ओळीतल्या सगळ्या पॅनलांना भोवते, म्हणून जागा ठरवण्याआधी सकाळी नऊला आणि दुपारी तीनला सावली बघा, शक्यतो डिसेंबरात.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या फ्रेमला साधा लोखंडी बोल्ट लावला की दोन्ही कुजतात. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू दे. पॅनलच्या वायरी जोडणारा एमसी-फोर कनेक्टर 'टक्' वाजेपर्यंत दाबला नसेल तर आत पाणी जातं, पिना हिरव्या पडतात आणि एक दिवस तो वितळलेला सापडतो. जांभ्यावर अर्थिंग हे तर वेगळंच प्रकरण. नुसता रॉड ठोकून भागत नाही. भोक पाडून बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरा आणि अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग मे महिन्यात घ्या. पावसात काय, सगळ्यांचंच चांगलं येतं.

लाइन न पोचलेल्या धनगरवाड्यांवर बॅटरी आली, आणि लेड-ॲसिड बॅटरी आली की तिचं पाणी बघणारं माणूस हवं. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने आफ्रिकेच्या खेड्यांतल्या, अक्षरओळखही नसलेल्या आयाबायांना सोलरची जोडणी-दुरुस्ती शिकवली. बाई गावातच राहते, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे पुरुष मुंबईला असतात, तेव्हा तोच हिशेब इथेही चालतो. वाडीवर गेलात की डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) एखाद्या वहिनींच्या हाती द्या, सेल तुमच्यासमोर त्यांनाच तपासू द्या.

पहिल्या पगारात क्लॅम्पमीटर (वायरीला चिमटा लावून करंट मोजणारा) घ्या, पण डीसी करंट मोजणारा. दुकानदार स्वस्तातला पुढे करतो, त्याचा चिमटा फक्त एसी करंट मोजतो.