पुस्तकावरून ध्यान शिकायचंय? आधी पुस्तक मिटा

ध्यानाचं पुस्तक घेऊन बसलं की पहिली अडचण अगदी साधी येते. त्यात लिहिलेलं असतं 'डोळे मिटा', आणि मिटले की पुढची ओळ दिसत नाही! दुसरी अडचण जास्त फसवी. वाचायला इतकं बरं वाटतं की प्रकरणामागून प्रकरण संपतं आणि बसायचं राहूनच जातं. माझं पहिलं पुस्तक असंच संपलं.

पुस्तक निवडताना प्रस्तावना सोडा, मधलं पान उघडा. कसं बसायचं, किती वेळ, काय करायचं हे सरळ सांगितलेलं असावं. झोप आली, पाय दुखला, कंटाळा आला तर काय करायचं, यावरही चार पानं हवीत.

मग त्यातला एकच सराव घ्या. सुरुवातीला श्वासाचा बरा. तो दोनदा वाचून सूचना स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमध्ये भरपूर थांबा. मी पहिल्यांदा बातम्या वाचल्यासारखा धावत सुटलो होतो. चार-पाच दिवसांत सूचना पाठ होतात, मग फोन फक्त गजरापुरता.

मांडीच घालायला हवी असं नाही. खुर्ची चालते, फक्त पावलं जमिनीला टेकलेली हवीत. मांडी घालणार असाल तर बुडाखाली जाड उशी घ्या, म्हणजे गुडघे खाली राहतात आणि पाठ ओढूनताणून ताठ धरावी लागत नाही. पायाला मुंग्या आल्या तर सावकाश पाय बदला. त्या सोसण्यात साधना वगैरे काही नाही.

१० मिनिटांचा गजर लावा आणि फोन पालथा ठेवा. श्वास आत येताना नाकपुडीशी किंचित गार लागतो, बाहेर जाताना कोमट. लक्ष तिथे ठेवा. श्वास सोडताना मनात 'एक', पुढच्याला 'दोन', असं दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. बहुतेकदा चारच्या पुढे गाडी जात नाही. 'चार... बिल भरायचं राहिलंय...' आणि भानावर येता तेव्हा आकडा सतरा झालेला असतो. मोजणं आपलं आपण चालू, तुम्ही भलतीकडेच. पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध पंडिताने सांगून ठेवलंय, की मोजताना ५च्या आत थांबू नये आणि १०च्या पुढे जाऊ नये. सतरावर पोचल्यावर त्याचं म्हणणं पटतं. अशा वेळी चिडू नका, गुपचूप 'एक'वर या. भटकलोय हे लक्षात येणं हाच तर सराव.

पेंग येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून समोर जमिनीकडे बघा. छाती दाटली, घाबरल्यासारखं झालं, जुनं काही उसळून आलं, तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, उठा, चार पावलं चाला. पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला; ते पुस्तकाचं काम नाही.

आठवडाभर पान उलटायचं नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सुरू केलेला ध्यानाचा प्रसिद्ध अभ्यासक्रमही ८ आठवड्यांचा आहे, तेव्हा घाई कसली? रोज वहीत एक ओळ पुरे: तारीख, मिनिटं, 'झोप' किंवा 'चुळबुळ'.

आठव्या दिवशी तेच पान पुन्हा वाचा, पेन्सिल घेऊन. मी आठवडाभर मुद्दाम खोल श्वास घेत होतो आणि डोकं गरगरतंय म्हणून पुस्तकाला दोष देत होतो. पानावर तिसऱ्याच ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, की श्वास आहे तसा येऊ द्या.