नव्वद दिवसांची नोटीस कशी काढली

लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसी, म्हणजे माल तपासणारा, केमिस्ट म्हणून कामाला लागलो तो दिवस १ सप्टेंबर २०१७. आदल्याच दिवशी घरच्या गौरी-गणपतीचं विसर्जन झालं होतं, त्यामुळे तारीख डोक्यात पक्की बसली. पुढे याच तारखेमुळे माझे साडेबावन्न हजार वाचले.

बीएस्सी करून चिपळूण-खेडकडच्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या मुलांना एकच विचारतो, तुमचं अपॉइंटमेंट लेटर आत्ता कुठे आहे? माझं कपाटात खालच्या खणात होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात छातीपर्यंत चढलं आणि खणातल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. मार्कशीटच्या डुप्लिकेट काढल्या, पण लेटरची आठवणही झाली नाही. ती झाली सहा महिन्यांनी, महाडच्या एका कंपनीने मला निवडल्यावर. "नोटीस किती?" त्यांनी विचारलं, म्हणजे राजीनामा दिल्यावर अजून किती दिवस काम करावं लागतं. "एक महिना," मी ठोकून दिलं. प्रोबेशनवर असताना एक महिनाच होती, तेवढंच लक्षात होतं. पर्मनंट झाल्यावर ती ९० दिवस होते, हे कन्फर्मेशन लेटरमध्ये एका ओळीत होतं आणि ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. महाडवाले दोन महिने जास्त थांबायला तयार नव्हते. ऑफर गेली. वर एचआरकडे लेटरची कॉपी मागायला गेलो, तर "का, कुठे निघालास काय?" हे सगळ्या लॅबभर झालं.

तेव्हा जॉइन झालात त्या आठवड्यातच लेटरचे फोटो काढून स्वतःच्या मेलवर टाका. कंपनीच्या मेलवर नको, राजीनामा दिल्यावर तो कधी बंद होईल सांगता येत नाही. नोटीसच्या कलमात तीन गोष्टी बघायच्या. नोटीस किती दिवसांची, न भरलेल्या दिवसांचे पैसे बेसिकवर (मूळ पगारावर) कापणार की ग्रॉसवर (भत्ते धरून), आणि लवकर सोडणं कोणाच्या मर्जीवर आहे. बेसिक आणि ग्रॉस यांत माझ्या बाबतीत महिन्याला अकरा हजारांचा फरक पडत होता. कापताना वर जीएसटी लावला असेल तर विचारा. नोटीसच्या वसुलीवर तो लागत नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारी परिपत्रकाने स्पष्ट झालं आहे.

कोणतीही कंपनी तुम्हाला कोर्टाकडून जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही, कायदा तसं करू देत नाही. पण म्हणून मध्येच गायब होऊ नका. लोटे, महाड, तळोजा ही तीन गावं नाहीत, एकच वाडी आहे. कोण कुठून पळाला ते पुढच्या इंटरव्ह्यूच्या आधी पोचलेलं असतं.

दुसरी संधी मे २०२२ मध्ये तळोज्यातून आली. या वेळी पहिल्याच फोनवर ९० दिवस सांगून टाकले. त्यांच्या एचआरबाईंना माणूस महिन्याभरात हवा होता. इंटरव्ह्यूला प्लँटचे साहेब बसले होते, त्यांना मी सरळ विचारलं, "सर, नवा ब्लॉक चालू कधी होतोय?" ते म्हणाले, "ऑक्टोबरच्या आत काही नाही." मग मला जुलैत आणून करणार काय होते? हा प्रश्न जरूर विचारा. घाई बहुतेक वेळा एचआरच्या फॉर्मवर असते, प्लँटवर नसते. १२ सप्टेंबर ही जॉइनिंगची तारीख ऑफर लेटरमध्ये लिहून घेतली आणि मगच, १३ जूनला, राजीनामा मेल केला. तो "मिळाला, शेवटचा दिवस १० सप्टेंबर" असं उत्तर येईपर्यंत दोनदा आठवण केली. राजीनाम्याचा दिवस धरायचा की नाही, यावरून शेवटी एका दिवसाचा घोळ होतो, म्हणून तारीखच लिहून घ्यायची.

पगाराचं सांगतो. हातात २७,००० येत होते. तळोजावाले हातात ३८,८०० म्हणत होते. आई खूश. बाबांनी मात्र कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. कामोठ्यात खोलीत वाटा ५,५००, मेस ३,६००, महिन्यातून दोनदा घरी येणं-जाणं १,५००. एकूण १०,६००. वाढ ११,८००. "म्हणजे बाराशे रुपयांसाठी घरचा भात सोडून चाललास." मी तोच हिशेब, भात सोडून, एचआरबाईंना सांगितला आणि ४२,००० वर तुटलं. शिल्लक ४,४००. पगार दीडपट झाला असं गावभर सांगतात, त्यात एवढंच असतं. सीटीसीच्या, म्हणजे तुमच्यावरच्या कंपनीच्या एकूण खर्चाच्या, आकड्यात तर कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) धरलेली असते, त्यावर जाऊच नका.

नोटीसचे दिवस कंटाळवाणे जातात. साहेब "दिवाळीत बघू रे तुझं" म्हणतात, जेवायला बसलेले लोक अचानक कमी बोलतात. मी एचपीएलसी या तपासणीच्या यंत्राच्या कॉलमची नोंदवही नीट लावली, नव्या मुलाला शिकवलं, एवढंच. सुट्टी घेतली नाही, कारण नोटीसमधली सुट्टी शेवटच्या तारखेत वाढवतात. तरी जुलैत चिपळूण-लोटे रस्त्यावरचा परशुराम घाट बंद झाला तेव्हा चिरणीमार्गे फिरून पोचेपर्यंत शिफ्ट निम्मी संपलेली, आणि दोन दिवस गैरहजेरी पडली. बसच्या ग्रुपवरचे मेसेज दाखवले तेव्हा ती काढली. नाहीतर १२ तारीख हुकली असती.

आणि आता ती साडेबावन्न हजारांची गोष्ट. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एचआरच्या साहेबांनी बोलावलं. चेहरा एकदम मऊ. "३१ ला चतुर्थी आहे. तू कशाला अडकून पडतोस? २७ लाच सोडतो तुला, नोटीसचे पैसे कापत नाही. आरामात गणपती कर." मी "थँक्यू सर" म्हणून उठलोसुद्धा होतो. दारापर्यंत गेल्यावर १ सप्टेंबर आठवला. पाच वर्षं पुरी होत होती ती ३१ ऑगस्टला, ऐन चतुर्थीला. पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, आणि नोटीसचे दिवस त्यात धरतात. माझं बेसिक १८,२००. भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५. बरोबर ५२,५००. चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचे २४० दिवसही चालतात असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे, पण त्यासाठी चिपळूणहून कोर्टाच्या खेपा कोण घालणार? आणि साहेबांनी हे मुद्दाम केलं की खरंच माझ्या गणपतीसाठी, ते मला आजही कळलेलं नाही. मी परत फिरलो आणि म्हटलं, "नको सर, १० तारखेपर्यंतच येतो." त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

निघताना नो ड्यूजच्या फॉर्मवर स्टोअर, सेफ्टी, कँटीन अशा सगळ्यांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. जुन्या कंपनीने पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकली का, तेही बघा. शिल्लक रजेचे पैसे मागावे लागतात, मला आठ दिवसांचे मिळाले. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत, त्यात नोकरी सोडल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे. मला तेव्हा दीड महिना लागला. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा भरला होता, ते पैसे दसरा उलटून गेल्यावर आले. त्यातून कामोठ्याच्या खोलीचं डिपॉझिट दिलं आणि बाबांना माळ्यावर ठेवायला एक लोखंडी पेटी घेतली, कागदांसाठी.