डर्कचा एका पायावरचा शॉट कसा शिकायचा

बास्केटबॉलपटू डर्क नोवित्स्कीचा एका पायावरचा फेडअवे, म्हणजे मागे झुकत मारलेला शॉट, शिकवा म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी विचारतो, दोन पायांवरचा साधा जंप शॉट पाचातले चार पडतो का? नसेल तर आधी तो. डर्कनेही तसंच केलं. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचा हा मुलगा पोरवयातच प्रशिक्षक होल्गर गेश्विंडनर यांच्या हाताखाली गेला. हे 1972च्या ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेले, आणि त्यांनी शॉटचा विचार भूमितीने केला.

ती भूमिती तुम्हीही समजून घ्या, कारण पाठीमागे झुकून मारलेला चेंडू हमखास सपाट जातो. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर, चेंडूचा साधारण 24. चेंडू सरळ वरून आला तर त्याला पूर्ण 45 मिळतात. आडव्या रेषेशी 30 अंशांत आला तर रिंगचं तोंड त्याच्यासाठी निम्मंच उरतं, साडेबावीस, म्हणजे रिंगला न लागता तो आत जाऊच शकत नाही. म्हणून चेंडू उंच जाऊ द्या. शॉट आखूड पडतोय असं वाटलं तर दंडाचा जोर वाढवू नका, पायाचा वाढवा.

आता पाय. उजव्या हाताने मारणाऱ्याने डाव्या पायावर उडायचं आणि उजवा गुडघा कमरेपर्यंत उचलायचा. सगळं मर्म या गुडघ्यात आहे. तो तुमच्या आणि डिफेंडरच्या, म्हणजे तुम्हाला अडवणाऱ्याच्या, मध्ये जागा धरून ठेवतो, शिवाय पाठ मागे जात असताना तोल सांभाळतो. पण तो वर उचलायचा, पुढे मारायचा नाही. समोरच्याला लागला तर फाउल तुमचा.

सुरुवात बिनचेंडूची. डाव्या पायावर उभे राहा, गुडघा वर, छाती रिंगकडे, हात फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे चेंडू सुटल्यावर राहतो तसा वर, आणि डळमळ थांबेपर्यंत तसेच थांबा. कंटाळवाणं आहे, तरी मी हे कुणालाही सोडू देत नाही. मग रिंगपासून दोन पावलांवर चेंडू घेऊन, न उडता. ते जमलं की उडून. पाठ रिंगकडे करून वळणं सगळ्यात शेवटी, फ्री थ्रो लाइनच्या (फाउलनंतरचे मोकळे शॉट मारतात त्या रेषेच्या) कोपऱ्यावरून. वळताना खांदे आधी रिंगसमोर आले पाहिजेत, मगच मागे झुकायचं. बहुतेकांचं इथे उलटं होतं आणि चेंडू बाजूला जातो. झुकायचंही थोडंच.

'डर्क सात फुटी, आम्हाला काय उपयोग?' असं उंचीने कमी असलेली मुलं म्हणतात. मला वाटतं, खरी गरज त्यांनाच आहे. हा शॉट वेगावर किंवा उडीवर उभा नाही, अंतरावर आहे. त्यामुळेच वय वाढून पाय मंदावल्यावरही तो डर्कच्या हाती राहिला. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये डॅलसकडून तो 21 सीझन खेळला, दुसऱ्या कुठल्याही संघाकडे गेला नाही, आणि 31,560 गुण करून 2019 साली थांबला. डॅलसच्या स्टेडियमबाहेर 2022च्या नाताळात त्याचा पुतळा बसवला, तोही याच शॉटच्या पवित्र्यात.

पण फक्त हा एकच शॉट येणारा खेळाडू लवकर ओळखला जातो. 2011च्या एनबीए फायनलमध्ये मायामीविरुद्ध दुसऱ्या सामन्यात डॅलस 15 गुणांनी मागे होतं. डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटलेला, आणि विजयी लेअप, म्हणजे रिंगजवळून टाकलेला शॉट, त्याने त्याच डाव्या हाताने केला. तेव्हा फेडअवेसोबत त्याच जागेवरून एक ड्रिबल घेऊन, म्हणजे चेंडू एकदा आपटून, आत जाणंही बसवा. डिफेंडरला तुमच्या आत जाण्याची भीती असेल, तरच तो मागे राहील आणि फेडअवेला जागा मिळेल.

सराव संपवताना, पाय थकलेले असतानाच, फ्री थ्रो मारा. 2011 सालीच ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या एका सामन्यात डर्कने 24 पैकी 24 फ्री थ्रो टाकले होते. तुम्ही सलग दहा पडेपर्यंत घरी जाऊ नका.