ट्रायलचं सॅम्पल हातात आल्यापासून फ्रीझरपर्यंत काय करायचं

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच पोरंपोरी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून बेळगावात ट्रायलच्या, म्हणजे औषधाची माणसांवर चाचणी होते त्या कामाच्या, लॅबला लागतात आणि पहिल्या आठवड्यात गोंधळतात, म्हणून हे लिहितोय. साध्या लॅबमधे सॅम्पल बिघडलं तर पेशंटला परत बोलवून घेतो की, इथं ते चालत नाही. डोस दिल्यावर दोन तासांनी काढलेलं रक्त तिसऱ्या तासाला परत मिळत नाही, ती वेळ गेली ती गेलीच. आणि रक्त द्यायला आलेली बाई भातलावणी टाकून दोन एसट्या बदलून आलेली असते, हे डोक्यात ठेवा.

रक्त काढायच्या आधीच किट उघडून बघा, व्हिजिट नंबर (पेशंटची ही कितवी खेप) बरोबर आहे का, ट्यूबवरची एक्स्पायरी संपली नाही ना. फॉर्मवर पेशंटचं नाव लिहायचं नाही, सब्जेक्ट नंबरच, म्हणजे ट्रायलमधे त्या पेशंटला दिलेला नंबर. आपल्याकडं एका सकाळी तीन-तीन पाटील बाया येतात, त्यामुळं नंबर तोंडानं म्हणून फॉर्मशी जुळवून मगच ट्यूब रॅकला लावा.

जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब ८ ते १० वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, हलवून खळखळवली की पेशी फुटतात आणि सॅम्पल बिघडतं. निळी सायट्रेट रेघेपर्यंत भरलीच पाहिजे, ९ भाग रक्ताला १ भाग आतलं सायट्रेट असं गणित आहे त्यात. सीरमची (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) ट्यूब उभी ठेवून साधारण ३० मिनिटं गोठू द्या, घाईनं आधीच फिरवली तर सीरममधे जेलीसारखे धागे येतात आणि पिपेटचं तोंड बंद होतं. पण शेवटी त्या ट्रायलचं लॅब मॅन्युअल सांगेल तेच खरं, मी सांगतो ते नाही.

सेंट्रिफ्यूजला (ट्यूब गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं मशीन) सगळेच अडतात. मॅन्युअलमधे जी (फिरताना ट्यूबवर येणारा जोर) लिहिलेलं असतं आणि मशीनवर आरपीएम (मिनिटाला किती फेरे). रोटरची (आतल्या फिरत्या चकतीची) त्रिज्या सेंटीमीटरमधे मोजा, तिला ११.१८ नं गुणा, मग आरपीएमला १००० नं भागून जे येईल त्याच्या वर्गानं गुणा. १५ सेंटीमीटर आणि ३००० आरपीएम म्हणजे साधारण १५०० जी. एकदा काढा आणि चिठ्ठी मशीनवर चिकटवून टाका.

सीरम उचलताना तळातलं थोडं सोडूनच द्या, लालसर ओढलं गेलं की वाया. क्रायोव्हायलला (सीरम गोठवून ठेवायची छोटी बाटली) लेबल गोठवायच्या आधी, कोरड्या व्हायलवर, उभं लावायचं, आडवं गुंडाळलं तर स्कॅनर बारकोड वाचत नाही, आणि दव धरलेल्या व्हायलवर लेबल चिकटतच नाही. तारखेत महिना अक्षरात, ०५ ऑगस्ट असा, नाहीतर परदेशातली लॅब ती ८ मे वाचते.

वेळेबद्दल माझीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी सॅम्पल १० वाजता काढायचं ठरलं होतं, निघालं १० वाजून ७ मिनिटांनी, आणि मी फॉर्मवर १०:०० लिहिलं. सिस्टरच्या नोटमधे ७ मिनिटं होती, मॉनिटरनं (ट्रायलचे कागद तपासायला येणारा माणूस) दोन्ही शेजारी ठेवली. उशीर झाला तर झाला, खरी वेळ लिहिली की औषध रक्तात किती होतं ते त्यावरून काढता येतं, पण खोटी वेळ लिहिली की तो हिशेबच चुकतो. चुकलं तर एक रेघ, खाली सही आणि तारीख, व्हाइटनर कधीच नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी मिसोप्रोस्टॉल या औषधाची ट्रायल झाली, २००६ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आली. आपल्याच बायकांच्या भरवशावर उभी राहते ही माहिती, तिच्यात एक आकडाही गोड करून लिहू नका.

फ्रीझरचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा दार उघडू नका, आधी जनरेटर लागला का ते बघा, आणि काटा वर गेला असेल तर तेही तसंच लिहा.

पाठवायचं तर सोमवार ते बुधवार, शुक्रवारी दिलेला बॉक्स रविवारभर कुठंतरी पडून राहतो. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८.५ डिग्रीचा असतो, जाड हातमोजे घाला, बॉक्स हवाबंद करू नका, त्याचा गॅस होऊन बॉक्स फुटू शकतो, आणि काचा बंद करून गाडीतून नेऊ नका, गुदमरायला होतं. बाहेर यूएन ३३७३ (आत पेशंटचं सॅम्पल आहे) आणि १८४५ (आत ड्राय आइस आहे) ची दोन्ही लेबलं हवीत. पावतीचा नंबर रजिस्टरला चढवा आणि दुसऱ्या दिवशी बॉक्स पोचला का, आत बर्फ शिल्लक होता का, हे फोन करून विचारा.