फाटक गेलं, तळं आलं: रेल्वेचा भुयारी मार्ग करताना या चुका टाळा

'गेट पडलं होतं' हे उशिरा पोचण्याचं कारण आपल्याकडं आजोबांपासून चालत आलंय. आता ते फार दिवस टिकायचं नाही. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी 2019 अखेर संपली, आणि गेटमन असलेली फाटकंही एकेक करून बंद होतायत. रहदारी मोठी असेल तिथं उड्डाणपूल होतो. लहान गावाच्या वाट्याला बहुधा रुळांखाली काँक्रीटचे बॉक्स बसवून केलेला भुयारी मार्ग येतो, गावच्या भाषेत बोगदा.

फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं डिझेल वाचतं, म्हणून हे काम पर्यावरणाच्या खात्यात जमा धरतात. हिशेब बरोबर आहे, पण बोगदा वर्षभर चालू राहिला तरच. पावसाळाभर तो तुंबला आणि गावाला आठ किलोमीटरचा वळसा पडला, तर वाचलेलं डिझेल वळशातच जळतं. सिमेंट-लोखंड तर आधीच गाडून झालेलं असतं.

पाणी कुठून येतं हे न बघताच पंप बसवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बोगदा तुंबला की पहिली मागणी पंपाची होते. पंप येतो, पहिल्या मोठ्या पावसात वीज जाते, आणि पाणी तिथंच.

आधी पाण्याकडं नीट बघा. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात गढूळ पाणी भरलं, तर ते वरून, रस्त्यावरून आणि शेतांतून येतंय. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी नितळ पाणी झिरपतंय, तर ते जमिनीतलं आहे आणि दोन बॉक्समधल्या सांध्यांतून वाट काढतंय. आणि शेजारचा नाला फुगला की बोगदा भरतो, नाला ओसरला की रिकामा होतो, असं असेल तर तुमचं गटारच उलटं वाहतंय. तीन रोग, तीन औषधं.

वरच्या पाण्याचा हिशेब करून बघा. उताराचा रस्ता 100 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद धरला, तर 100 मिलिमीटर पावसात त्यावर 50,000 लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. दोन्ही बाजू धरल्या तर दहा. हे झालं नुसतं डोक्यावर पडणारं पाणी. बाजूच्या एक हेक्टर रानातलं निम्मं पाणी जरी उतारानं आत आलं, तरी आणखी पन्नास टँकर! एवढं पाणी उपसत बसण्यापेक्षा ते आत येऊच न देणं स्वस्त. उतार सुरू होतो तिथं रस्त्याला आधी थोडा चढ द्या, म्हणजे बाहेरचं पाणी तोंडाशीच अडून बाजूच्या चरात जाईल. त्याच्या पुढं रस्त्याच्या आडवी, जाळी टाकलेली गटारं हवीत. उतारावर पत्र्याचं छप्पर घातलं की ते दहा टँकरही बरेचसे टळतात. जमीन मुरमाड असेल तर अडवलेलं पाणी शोषखड्ड्यातून जिरवता येतं. काळ्या मातीत तो नाद करू नका, ती माती पाणी धरून फुगते आणि बोगद्याच्या भिंतीवरच रेटा देते.

सांधे गळत असतील तर आतून सिमेंट थापणं म्हणजे जखमेवर पावडर. भिंतीमागच्या मातीच्या बाजूनं ग्राउट, म्हणजे दाबानं भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण, भरावं लागतं. बांधकाम चालू असतानाच सांध्याला पाणीबंद पट्टी घातली आणि मागं दगडगोट्यांचा निचराथर ठेवला तर ही वेळच येत नाही. नाल्याचं पाणी उलटं येत असेल तर गटाराच्या तोंडाला एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवा. मात्र नाल्याचा पूर बोगद्याच्या तळापेक्षा वर चढत असेल तर पंपाशिवाय गत्यंतर नाही, आणि मग साठवण खड्डाही हवा. मुंबईत मिलन सबवे या रुळांखालच्या रस्त्याजवळ महापालिकेनं शेवटी जमिनीखाली साठवण टाकीच बांधली.

उंची नकाशावर ठरवणं

साडेतीन-चार मीटर उंचीच्या बोगद्यातून जीप जाते, रुग्णवाहिका जाते. कडब्यानं भरलेली ट्रॉली जाईलच असं नाही, मळणीचं मोठं यंत्रही अडतं. वाहनांची मोजणी उन्हाळ्यात केली तर यातलं काहीच दिसत नाही. ऊसतोड आणि सुगीच्या दिवसांत फाटकावर उभं राहायला हवं. तसंही, उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्यानं वाटून घ्यायचा की नाही हे दिवसभरातल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं या आकड्यावर ठरत आलंय, आणि त्याची रेघ 1 लाखावर. मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

पायी चालणाऱ्याला विसरणं

फाटक बंद करून भिंत घातली आणि शाळा रुळांच्या पलीकडं राहिली, तर पोरं भिंत फोडतात. दोष पोरांचा नाही. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या अनिल काकोडकरांच्या समितीनं 2012 मध्ये सगळी फाटकं पाच वर्षांत काढा असं सुचवलं, आणि त्याच अहवालात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे 15,000 माणसं मरतात हेही लिहिलं. उड्डाणपुलाचा अर्धा-पाऊण किलोमीटर चढ डोक्यावर भारा घेऊन कोण चढेल? पुलाला फाटकाच्या जागीच जिना द्या, बोगद्यात रस्त्यापेक्षा उंच पायवाट आणि दिवे द्या.

टेकडी फोडून भराव

उड्डाणपुलाच्या दोन्ही बाजूंच्या भरावाला प्रचंड माती लागते, आणि ती जवळच्या टेकडीतून येते. कोराडी, चंद्रपूर, परळी, दीपनगर इथं औष्णिक केंद्रांच्या राखेचे डोंगर उभे आहेत. केंद्रातून 300 किलोमीटरच्या आत अशा कामांना राख वापरा, असं केंद्र सरकारची अधिसूचनाच सांगते. पण राख उघडी टाकायची नाही. बाजूंना आणि वर मातीचा जाड थर लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात ती शेजारच्या विहिरीत आणि कोरड्या दिवसांत लोकांच्या फुप्फुसात. ट्रकवर ताडपत्रीही हवी, हे सांगावं लागतं हीच शोकांतिका.

पुलाखालची जागा हा आपल्याकडं कचऱ्याचा आणि भंगार गाड्यांचा विषय. मेलबर्नमध्ये कॉलफील्ड ते डँडेनॉंग मार्गावरची नऊ फाटकं काढताना 2018 मध्ये रेल्वेच उंचावर नेली आणि खाली बागा, सायकलवाटा, खेळाची मैदानं केली. आपल्याला रूळ उचलणं परवडायचं नाही, पुलाखाली झाडं आणि बाजाराचे ओटे परवडतील.

दोन खाती, दोन नकाशे

रुळांवरचं काम रेल्वेचं, दोन्हीकडचे रस्ते दुसऱ्या कुणाचे. मुंबईत अंधेरीला फेब्रुवारी 2024 मध्ये रुळांवरच्या गोखले पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळीच जुळली नव्हती. मग जॅक लावून जुना पूल उचलावा लागला. गावच्या बोगद्यात हाच घोळ लहान आकारात होतो. बोगद्याचं गटार रेल्वेच्या हद्दीपर्यंत छान येतं आणि तिथं संपतं, कारण पुढचा नाला पंचायतीचा. म्हणून काम ताब्यात घेताना कागदावर तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्या: गटारातला गाळ कोण काढणार, पंपाचं वीजबिल कोण भरणार, आणि मे महिन्यात टँकरभर पाणी ओतून चाचणी कोण घेणार.